काय जमलं, काय खटकलं

१

दुपारची जेवणं झाली की आमची गल्ली थोडा वेळ गप्प होते. शिवाजी पेठेत शांतता मिळते ती तेवढीच. सकाळी दुधाच्या गाड्या, संध्याकाळी तालमीसमोरची पोरं, फुटबॉलची मॅच असेल त्या दिवशी हलग्या आणि फटाके. म्हणून दादा दुपारीच रेकॉर्डिंग करायचा.

माझा थोरला भाऊ सम्राट गेमची परीक्षणं करायचा. नेटवर त्याचं चॅनेल होतं, सगळं आपल्या कोल्हापुरी बोलीत. नवी गेम आली की तो ती शेवटपर्यंत खेळायचा आणि मग दोनच गोष्टी सांगायचा. आधी काय जमलं, मग काय खटकलं. एका गाड्यांच्या गेमबद्दल तो म्हणाला होता, "वळणावर गाडीचं वजन हाताला जाणवतंय, हे जमलंय. पण पाऊस पडतोय आणि रस्ता कोरडा तो कोरडाच. हे खटकलं." लोकांना ते आवडायचं. गेम पाठवणाऱ्यांना कधी आवडायचं, कधी नाही. दादा म्हणायचा, "गेम भारी असू दे न्हाईतर टुकार, खोटं सांगायचं न्हाई."

वरच्या खोलीला पत्रा आहे, आवाज घुमतो. म्हणून दादा खुर्चीत बसून डोक्यावरून आईची वाकळ ओढून घ्यायचा. जुन्या लुगड्यांची, जाड, आईनं हातानं शिवलेली. माइक आत, दादा आत. खाली आई गॅस बंद करायची, कुकरची शिट्टी नको म्हणून. आणि शेवटी दादा वाकळीची कड उचलून मला आत घ्यायचा. मी आठवीत शाळा सोडली. हुपरीला पैंजणांच्या कड्या जोडायला जातो. मला इंग्रजी वाचता येत नाही. दादा म्हणायचा, ज्याला वाचता येत नाही त्यालाही खेळता आली, ती गेम खरी. म्हणून प्रत्येक परीक्षणात शेवटचा शब्द माझा असायचा. "बोल किसन्या, तुला काय खटकलं?" असं म्हणून तो थांबायचा. मी तोंड उघडेपर्यंत थांबून राहायचा.

दिवाळीच्या तोंडावर राधानगरी रोडला दादाची मोटरसायकल घसरली. पाऊस पडून गेला होता. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

२

तेराव्याला दादाचं अंथरूण-पांघरूण द्यायला काढलं. बायडाबाई आत्यानं वाकळही गाठोड्यात घातली. मी ती ओढून काढली.

"किस्ना, गेलेल्याचं पांघरूण घरात ठिवू नये रं," आत्या म्हणाली.

मी तिच्यावर ओरडलो. वाकळीला अजून दादाच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता. मी ती वर नेली आणि त्याच्या खुर्चीवर टाकली.

आण्णा, म्हणजे आमचे वडील, दुसऱ्याच दिवशी ट्रकवर निघून गेले. घरात बसवत नाही म्हणाले. आई आणि मी राहिलो. आई दिवसभर काम करायची आणि काम करता करता एकच वाक्य म्हणायची. "जेवून जा म्हणलं हुतं रं." भांडी घासताना, ज्वारी निवडताना, दिवा लावताना. "जेवून जा म्हणलं हुतं रं." मी कामावर जाणं सोडलं होतं. ते वाक्य ऐकत बसायचो.

एका दुपारी वृषभदा आला. दादाचा जिवलग दोस्त. त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि दादाचे व्हिडिओ तोच जोडून द्यायचा.

"लोक विचारतायत रं," तो म्हणाला. "एखादं शेवटचं परीक्षण करून ठेवलं आसंल तर टाकूया. त्याचं नाव राहील."

आम्ही वर जाऊन कॉम्प्युटर लावला. एक रेकॉर्डिंग होतं, त्याला नाव दिलेलं नव्हतं. वृषभदानं ते लावलं आणि दादाचा आवाज खोलीत आला. मी दाराची चौकट धरली. वाकळीखालून येतो तसाच आवाज, जवळचा आणि दबलेला.

"मंडळी, ह्या गेममध्ये गोष्ट न्हाई, मारामारी न्हाई. एक घर हाय. तुम्ही नुसतं हिंडायचं. जमलं काय? जिना जमलाय. मधली पायरी वाकती, पायाला कळतं. सैपाकघर जमलंय, फोडणीचा वास येईल आसं काम हाय. आता खटकलं काय? मोरीतला नळ. ठिबकतोय, एकाच चालीवर, कान किटतोय. आणि भिंतीवर एक फोटो हाय, हार घातलेला. त्याचं तोंड धुरकट ठेवलंय. एवढं घर बनवलं आणि तोंडाचाच कंटाळा केला?"

एवढंच होतं. पुढं मला हाक नव्हती.

वृषभदानं डोळे पुसले आणि हसला. "कुणाला सोडत न्हाई बघ. पण गेम कुठली रं ही? त्याच्याकडं तर ती गाड्यांचीच आलती."

"मला काय म्हायती?"

"शोधतो मी," म्हणून तो गेला. मी खाली आलो. मोरीतला नळ ठिबकत होता. आमच्या जिन्याची मधली पायरी वाकते. दादा आमच्याच घराबद्दल बोलला असेल. आपली स्वतःची गेम करायची असं तो नेहमी म्हणायचा.

मग मी फ्रीजच्या वरच्या भिंतीकडे बघितलं. तिथं हार घातलेला एकच फोटो आहे. तो दादाचा. आधार कार्डावरचा मोठा करून घेतला, म्हणून तोंड धुरकट आलं होतं. तो आम्ही तेराव्याला लावला होता.

३

त्या रात्री मी स्वतःशी भांडत झोपलो. दादानं अंदाजानं सांगितलं असेल. गेममध्ये भिंतीवर फोटो असतातच. हार पण असतो.

सकाळी उठलो तर घरात काहीतरी कमी वाटलं. काय ते कळेना. दात घासताना कळलं. नळ ठिबकत नव्हता.

"आई, नळाला कोण आलतं?"

"न्हाई बाबा."

मी पाना घेऊन नळ खोलला. आतला रबर तसाच होता, झिजलेला, फाटलेला. त्यातून पाणी ठिबकायलाच पाहिजे होतं. मी परत बसवला आणि मोरीत उकिडवा बसून राहिलो. थेंब येईना. नळ कधी कधी आपोआप थांबतात. पाण्याचा दाब कमी झाला असेल. मी असली कारणं एकामागून एक काढत होतो आणि काढताना फ्रीजकडे पाठ करून बसलो होतो.

शेवटी वळलो. फोटोतलं तोंड स्वच्छ झालं होतं. दादाच्या हनुवटीवरचा व्रण दिसत होता, भुवईचे केस दिसत होते. आधार कार्डाच्या फोटोत तो सरळ समोर बघत होता, हे मला पक्कं आठवतं. आता तो किंचित बाजूला बघत होता. जिन्याकडे.

४

मी वर धावलो. कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी उपसल्या. माइक खिडकीतून शेजारच्या पत्र्यावर फेकला. वाकळीची घडी करून कपाटात कोंबली आणि कपाटाला कुलूप घातलं. किल्ली खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली गप्प झाली आणि वरून आवाज आला. शब्द कळत नव्हते. कुणीतरी पांघरुणात तोंड घालून बोलत असावं तसा, सलग, मध्येच हसणारा. दादा बोलताना असाच मध्येच हसायचा.

मी जिना चढलो. मधल्या पायरीवर पाय ठेवताना थांबलो. आवाज पण थांबला. मी दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. वाकळ खुर्चीवर होती. मी खिसा चाचपला, किल्ली होती. कपाटाला कुलूप होतं. किल्लीशिवाय आई कुलूप काढू शकत नाही. दुसरी किल्ली तिच्याकडे असेल, असं मी ठरवून टाकलं. कॉम्प्युटर चालू होता. वायरी भिंतीत बसवलेल्या होत्या. तेही आईनंच केलं असेल? आईला टीव्हीचा रिमोट लावता येत नाही.

पडद्यावर नवं रेकॉर्डिंग होतं. मी ते लावायला नको होतं. पण दादाचा आवाज ऐकायला मिळणार होता, आणि तेव्हा मला भीतीपेक्षा त्याची भूक जास्त होती.

"मंडळी, त्याच घराचं पुढं सांगतो. नळाचं काम केलंय, आभारी हाय. फोटोपण सुधारलाय. आता आई. आईचं पात्र लई जमलंय. पीठ मळताना मनगट वळतं ना, ते बघा. आसं कुणाला जमत न्हाई. पण एक खटकलं. तिला एकच वाक्य दिलंय. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तेच. रडती आणि तेच म्हणती. खेळणाऱ्याचा जीव नकोसा होतो. हे बदला."

मी बटण दाबून बंद केलं. खाली आई म्हणत होती, "जेवून जा म्हणलं हुतं रं." आयुष्यात पहिल्यांदा मला ते वाक्य ऐकून बरं वाटलं.

तिच्या तोंडून ते वाक्य मी ऐकलं ते शेवटचं.

५

दुसऱ्या दिवशी आई रडली नाही. पोहे केले. वरून खोबरं घातलं. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, आईचं दुःख जरा हललं. दोन घास मीही जास्त खाल्ले.

दुपारी मी हातातलं ताट जरा जोरात ठेवलं तर आईनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू की. वर रेकॉर्डिंग चाललंय."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती गंमत करत नव्हती. तिनं गॅस बंद केला, कुकरवर हात ठेवून उभी राहिली आणि वर बघून हसली. पोरगा काहीतरी चांगलं काम करतोय, अशा कौतुकानं.

"आई, दादा गेला."

"कुठं गेला? वर बसलाय की. डोकं फिरलं काय तुझं?"

"आई, आपण त्याला पंचगंगेवर नेला. आण्णांनी अग्नी दिला."

"हळू म्हणलं न्हवं तुला!" ती दबक्या आवाजात खेकसली. मग वर बघून कान दिला आणि समाधानानं मान हलवली.

फोटोवरचा हार तिनं काढून टोपलीत टाकला होता. कुणी जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतं का, म्हणाली.

त्यानंतर आमच्या घरातला आवाज कमी होत गेला. आई भांडं ठेवताना फडकं घालायची. दारं अर्धवट लोटायची. चपला हातात घेऊन चालायची. दुपारी ती वर ताट नेई आणि रिकामं ताट खाली आणी. तीच वर बसून खात असेल, असं मी म्हणायचो. पण तिचं पोट खपाटीला गेलेलं दिसत होतं. बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. ती माझ्यासमोर एक घास खात नव्हती. विचारलं की म्हणायची, "त्याचं झालं की माझं झालं."

६

मी वृषभदाला बोलावून आणलं. आईनंच दार उघडलं.

"ये बाळा, पण हळू बोल हं," ती कुजबुजली. "तुझा दोस्त कामात हाय."

वृषभदाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं मला बाहेर गल्लीत ओढलं.

"कवापास्नं?"

"त्या रेकॉर्डिंगपास्नं."

"रेकॉर्डिंगचं सोड. आईला धक्का बसलाय, किसन्या. डॉक्टरला दाखवू. न्हाईतर काही दिवस आमच्या घरी घेऊन ये, माझी आई सांभाळंल."

"घराबाहेर चल म्हणून मी विचारलं हुतं. म्हणती, त्याला जेवायला कोण वाढंल?"

वृषभदानं घराकडं बघितलं. मग म्हणाला, "मला ते ऐकव बघू."

आम्ही वर गेलो. कॉम्प्युटरवर काही नव्हतं. ना पहिलं, ना दुसरं. जुनी परीक्षणं होती तेवढीच. वृषभदा सगळं उघडून बघत होता आणि मी खुर्चीकडे बघत होतो. मी खोलीत आलो तेव्हा वाकळ खुर्चीवर सपाट पडली होती. आता ती मध्ये थोडी उचललेली होती. खाली गुडघे असावेत तशी.

"वृषभदा."

त्यानं मान वळवली. त्यानंही बघितलं. तो मागं सरला. पायऱ्या उतरला, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच गेला. गल्लीच्या टोकाला जाऊन त्यानं मला फोन केला. "आईला घेऊन बाहेर पड. आत्ता. गाडी आणतो मी." त्याचा आवाज रडवेला होता.

घरात मला आईशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिला उचलून न्यायचं, असं मी ठरवलं. पण वाकळ मागं ठेवून गेलो तर आई परत येणार, हेही मला कळत होतं. मी गॅसजवळची काडेपेटी घेतली.

७

त्या दुपारी मॅच होती. सगळी पेठ मैदानावर गेली होती. गल्लीत कुत्रंही नव्हतं. आई कुकरवर हात ठेवून उभी होती. मी तिच्या शेजारून गेलो तरी तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

वर आलो. दारातच पाय थांबला.

कॉम्प्युटर बंद होता. पडदा काळा होता. आवाज वाकळीतून येत होता.

"मंडळी, ह्या घराचं शेवटचं सांगतो."

वाकळ श्वासाबरोबर वरखाली होत होती. लुगड्याचे जुने काठ हलत होते, निळा, मग हिरवा. मी काडी ओढायला गेलो आणि काडी मोडली.

"आई जमलीय. आता तिच्यात खटकायला काय उरलं न्हाई. धाकटा मात्र बिघडलाय. पहिला पळत आत यायचा. आता दारात उभा राहतोय. हातात काडेपेटी घेऊन उभा राहतोय."

माझ्या हातातून पेटी पडली.

"एवढ्या घराला इतकी पात्रं नकोत. एक जास्त होतंय. कुठलं काढायचं, ते मी न्हाई सांगणार. शेवटचा शब्द त्याचाच असतोय." आवाज हसला. "बोल किसन्या. तुला काय खटकलं?"

आणि तो थांबला.

वाकळीची कड उचलली गेली. माझ्या बाजूची. आत अंधार होता. त्यात कुणी बसलेलं दिसलं का, हे मला विचारू नका. मला एवढंच दिसलं की आत सरकून जागा केलेली होती. माझ्यापुरती. तेलाचा वास आला. खरं सांगतो, मी एक पाऊल टाकलं. दादा गेल्यापासून मला दुसरं काहीच नको होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून आई पुढं गेली. ती कधी वर आली, मला ऐकू आलं नव्हतं. तिच्या हातात ताट होतं.

"तू जात न्हाईस व्हय?" ती प्रेमानं म्हणाली. "मग मी बसते जरा त्याच्यापाशी. एकटाच आसतोय दिवसभर."

ती वाकली. ती त्या अंधारात डोकं घालायला वाकली. मी तिचं मनगट पकडलं. एवढंसं मनगट, कडी वाकवावी तसं माझ्या बोटांत आलं.

"मला खटकलं ते सांगू?" मी ओरडलो. इतक्या दिवसांत त्या घरात कुणी ओरडलं नव्हतं. "तू म्हणायचास खोटं सांगायचं न्हाई. आईला खोटं दाखवलंयस तू. तू न्हाईस, दादा! तू गेलास! मी खांदा दिलाय तुला. माझ्या खांद्यावर वळ उठला हुता. तूच जास्त हाईस ह्या घरात. तू!"

 मैदानाकडून लांबून गलका आला, गोल झाला असावा.

वाकळीची कड हळूच खाली आली. मग आतली हवा सुटावी तशी सगळी वाकळ बसली. खुर्चीवर सपाट झाली. जुन्या लुगड्यांचा ढीग, दुसरं काही नाही.

८

आईच्या हातातलं ताट पडलं. आमटी सगळीकडे उडाली. ती खुर्चीकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडावरचं ते हसू एका कडेनं सुटायला लागलं.

"किस्ना," ती म्हणाली. "सम्राट कुठं हाय?"

 मला दुसऱ्यांदा ते सांगता आलं नाही. ते तिला माझ्या तोंडाकडे बघून कळलं असणार. तिच्या पोटातून जो आवाज आला तो मी दवाखान्यात ऐकला होता. दादा गेला त्या दिवशीचा तोच. ती खाली बसली, मी तिच्यासमोर बसलो, आणि तिनं मला दोन्ही हातांनी छातीशी ओढलं. आई रडत होती. माझी आई परत आली होती. ती रडतेय म्हणून मला आनंद होत होता, आणि मी पण रडत होतो, तोंड तिच्या खांद्यात खुपसून.

खाली वृषभदाच्या गाडीचा हॉर्न वाजला. उठायला पाहिजे होतं.

आईचे दोन्ही हात माझ्या पाठीवर होते. एक मानेखाली, एक कंबरेजवळ. दोन्हींतल्या बांगड्या मला टोचत होत्या.

डोक्यावर जो हात आला, त्यात बांगडी नव्हती.

तो माझ्या केसांतून फिरला. गार नव्हता. कोमट होता, पांघरुणातून आत्ताच बाहेर काढल्यासारखा. मग तो उचलला गेला आणि आई एकदम दचकली, तिच्याही डोक्यावर काहीतरी टेकल्यासारखी. तिचा हुंदका मध्येच अडकला. पुढचा लहान आला. त्याच्या पुढचा त्याहून लहान.

मी वर बघितलं नाही. डोळे मिटले, आईला असेल नसेल त्या ताकदीनं आवळलं आणि तिच्या कानात सारखा म्हणत राहिलो, "रड आई. थांबू नगंस. मोठ्यानं रड. रड."